उलटा हात

दादा — आधी पाणी. साबण नाही, रेझर नाही, पाणी! सगळे लोक इथेच चुकतात. टॉवेल गरम पाण्यात बुडवायचा, घट्ट पिळायचा आणि तीन मिनिटं तोंडावर ठेवायचा. घड्याळ लावून तीन.

बारकी — लोक म्हणजे मी.

दादा — तुला कुठे म्हणालो?

बारकी — बाबांची दाढी करणारे लोक या घरात किती आहेत? अडीच वर्षं मी एकटीच करतेय. मग लोक म्हणजे मीच की.

दादा — बारके, सकाळी सकाळी नको सुरू करूस. रविवार आहे. मी करून दाखवतो, तू नुसतं बघ. बाबा, फार गरम नाही ना लागत?

बाबा — उलट.

दादा — काय म्हणाले?

बारकी — बरं वाटतंय म्हणाले.

दादा — अगं, 'उलट' म्हणाले. मी ऐकलं.

बारकी — त्यांच्याकडे तेवढाच शिल्लक आहे. झटका आला त्या दिवशी बाकीचे सगळे शब्द गेले, हा एक राहिला. भूक लागली, उलट. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली, पडदा ओढ, उलट. मी सुरावरून ओळखते.

दादा — आणि चुकलीस तर?

बारकी — चुकले तर परत म्हणतात. माझ्यापेक्षा धीराचे आहेत.

दादा — हे मला कुणी सांगितलंच नाही.

बारकी — वहिनींना सांगितलं होतं. तुला सांगायला तू फोन घ्यायला हवास.

दादा — ...बरं. तू दाढी कशाने करतेस, ते दाखव आधी.

बारकी — ते काय, खिडकीत आहे.

दादा — हे? हे निळं? अगं, हे एकदा वापरून फेकायचं असतं.

बारकी — फेकते की. महिन्यातून दोनदा.

दादा — महिन्यातून दोनदा! आणि फेस?

बारकी — अंगाचा साबण. हाताने चोळायचा.

दादा — अरे देवा. म्हणून मानेवर हे लाल पुरळ. ही दाढी नव्हे बारके, ही तासणी झाली. सुतारसुद्धा लाकडाशी असं वागत नाही.

बारकी — दादा, सात पन्नासला फॅक्टरीची गाडी कोपऱ्यावर येते. त्याआधी त्यांना उठवायचं, पुसून घ्यायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, गोळ्या द्यायच्या. मग शेजारच्या मावशी येऊन बसतात तेव्हा मी निघते. दाढीच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. त्यातली तीन तू टॉवेलला दिलीस.

दादा — म्हणून तर हा डबा आणला. बघ तरी उघडून. हा ब्रश, रानडुकराच्या केसांचा. आधी अर्धा तास भिजवला की मऊ होतो, उठल्या उठल्याच भिजवलाय. ही वाटी मातीची, आतून खरबरीत, फेस लवकर धरते. हा साबण, चंदनाचा. ही तुरटीची वडी, शेवटी फिरवायला. माझ्याकडे असे अकरा ब्रश आहेत, माहितीये?

बारकी — आणि तोंडं किती?

दादा — हस. पण गेल्या वर्षी रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दिवसातली वीस मिनिटं स्वतःसाठी ठेवा. मी दाढी निवडली. आमचा फोनवर गट आहे, दोनशे माणसं आहेत. कुणी पात्या जमवतो, कुणी जुने ब्रश. सकाळची ती वीस मिनिटं म्हणजे माझं देवघर आहे. तुला सांगून कळायचं नाही.

बारकी — वीस मिनिटं स्वतःसाठी. खरंच नाही कळत. कसं वाटतं रे?

दादा — ...टॉवेल काढतो. झाली तीन मिनिटं. बघ, कातडी कशी फुलून आली. आता फेस. ब्रश साबणावर गोल फिरवायचा, दाबायचा नाही. मग वाटीत पाण्याचे चार थेंब. परत गोल. परत चार थेंब. घाई केली की फेस हवेचा होतो, दिसायला डोंगराएवढा आणि आत काही नाही.

बारकी — ओळखते मी अशी माणसं.

दादा — टोमणे मारून झाले की सांग.

बारकी — दादा, उद्या सकाळी दहाला मला साहेबांना उत्तर द्यायचंय.

दादा — एका वेळी एक काम.

बारकी — तू रात्री आलास, जेवलास, झोपलास. मी विचारलं नाही. म्हटलं, प्रवासाने दमलाय. आता विचारते. कटिंग सेक्शनला इतक्या वर्षांत एकही बाई मुख्य झालेली नाही. पहिल्यांदा विचारलंय, आणि मला विचारलंय. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, दुसऱ्या गावी. तीन महिने बाबा तुझ्याकडे. मग मी परत येणार, पुढे आहेच मी. फोनवर तू म्हणालास, 'येतो, मग बोलू.' आलास. बोल.

दादा — बोलू ना. दाढी झाली की बोलू. गार होईल हे सगळं.

बारकी — उद्या दहाला.

दादा — कळलं. कोरडा टॉवेल आहे का? हा सगळा भिजला.

बारकी — गच्चीवर वाळत घातलेत, आणते. माझ्याशिवाय उजवीकडे हात लावू नकोस. ती बाजू गेलीये त्यांची. कातडी सैल पडलीये आणि तिकडे लागलेलं त्यांना कळतही नाही. मी आतून बोट घालून गाल ताणून धरते.

दादा — जा गं. तू फुगा धरत होतीस तेव्हापासून मी दाढी करतोय.

(बारकी टॉवेल आणायला गच्चीवर जाते.)

दादा — चला बाबा. आता तुम्ही आणि मी. हा डावा गाल. आधी सुलट, केस जिकडे वाढतात तिकडे. तुमचंच वाक्य. 'सुलट हात जमला की माणूस झालास, उलट हात जमला की न्हावी.' आठवतं? मी सोळाचा होतो. तुम्ही फुग्याला फेस लावलात आणि म्हणालात, फोडू नकोस. बारकीने धरला होता. मी तीन फोडले.

बाबा — उलट.

दादा — हो हो, चौथा नाही फोडला. बघा, कसा आवाज येतोय पातीचा. कोरड्या पानावरून चालल्यासारखा. हा आवाज आला म्हणजे बरोबर चाललंय. ओळखलंत का हे रेझर? मुद्दाम झळाळी देऊन आणलंय. नीट बघा. हातात घ्यायचंय? थांबा, पाती आहे त्यात.

बाबा — उलट. उलट. उलट!

दादा — काय? उलट? उलटा हात मारू? उजवीकडे? अहो, बारकी ओरडेल. बरं, तुम्ही म्हणताय तर मारतो. बघाच तुम्ही. मान जरा वर. असं. खालून वर, हलक्या हाताने... हे बघा, उलट. आणि आता इथे, गळ्याशी...

बाबा — उलट!

दादा — अरे! अरे, अरे. थांबा, हलू नका. काही नाही, जरासं... बारके! बारके, टॉवेल आण लवकर!

बारकी — काय झालं? बाजूला हो. हो ना बाजूला! किती खोल आहे?

दादा — वरवरचं आहे. फेसात रक्त जास्त दिसतं.

बारकी — मी सांगून गेले होते. उजवीकडे नको म्हणाले होते.

दादा — ते स्वतः म्हणाले, उलट हात मार!

बारकी — कोण म्हणालं?

दादा — बाबा! तीनदा म्हणाले. 'उलट, उलट, उलट.' मला वाटलं, इतक्या वर्षांनी बरोबर शब्द बरोबर जागी आला. मला इतका आनंद झाला होता, बारके...

बारकी — गळ्याला तिथे भोवरा आहे त्यांच्या. केस चारी दिशांनी वाढतात. तिथे उलट नसतं आणि सुलटही नसतं. नुसतं वरवर ओढून सोडून द्यायचं.

दादा — माझ्या गळ्याला नाही भोवरा.

बारकी — दाढी तुझी नव्हती. तुरटी दे. ती नाही, फेसातली नको, कोरडी. हं. थांबलं. बाबा, थांबलं हं. तीनदा म्हणाले म्हणतोस?

दादा — तीनदा. जोरात.

बारकी — तीनदा ते कधीच म्हणत नाहीत. कशाकडे बघून म्हणाले?

दादा — मी रेझर दाखवत होतो तेव्हा...

बारकी — बघू. दे इकडे.

दादा — जपून. पाती नवी आहे.

बारकी — मुठीला खाली चीर आहे. दादा, हे पितळी रेझर बाबांचं आहे.

दादा — हो! तेच तर द्यायला आणलं होतं. नवंकोरं केलंय बघ. म्हटलं, ओळखतील, खूश होतील.

बारकी — हे हरवलं होतं.

दादा — हरवलं नव्हतं. मी घर सोडलं त्या दिवशी बॅगेत टाकलं. रागातच. म्हटलं, यांची एक तरी वस्तू घेऊन जातो.

बारकी — एकोणीस वर्षं तुझ्याकडे होतं.

दादा — जपलंय मी ते. रोज पुसून ठेवतो. हे नसतं तर मला दाढीचा नाद लागलाच नसता.

बारकी — तू गेलास त्याच दिवशी भंगारवाला आला होता. आईने फुटका स्टोव्ह आणि दोन पितळी डबे दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आरशासमोर उभे, आणि रेझर नाही. तुझ्यावर कुणाचा संशय गेला असेल?

दादा — कुणाचाच?

बारकी — कुणाचाच नाही. मुलगा घर सोडून गेला, तो काय दाढीचं सामान नेणार? आईने विकलं. ठरलं. आईने शपथा घेतल्या, सगळं घर उपसलं, भंगारवाल्याच्या दारात जाऊन बसली. त्या दिवसापासून बाबा बाहेर जाऊन दाढी करायला लागले. आणि रोज निघताना दारातून एक वाक्य. 'आज काय विकणार? मला विका.' रोज, दादा. चपला घालता घालता. आई ताटं पुसत असायची, तशीच पुसत राहायची.

दादा — मला काय माहीत? मला कुणी कळवलं का?

बारकी — शेवटी शेवटी तिलाच तसं वाटायला लागलं. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, 'बारके, दिलं असेल गं मीच. चुकून डब्यात गेलं असेल. त्यांना सांग, मला आठवत नाही.' जाताना माणूस काय काय बोलतं. माझी आई रेझरबद्दल बोलली. आई गेली तेव्हा आला होतास तू. तेव्हा बॅगेत होतं?

दादा — होतं.

बारकी — त्या सकाळी गुळगुळीत दाढी करून उभा होतास. मला आठवतंय. सगळे पाहुणे म्हणत होते, मुलगा कसा टापटीप आहे, बापावर गेलाय.

दादा — बारके, मी बावीस वर्षांचा होतो. बाबांनी मला सगळ्यांसमोर उलट्या हाताची मारली होती. पोस्टात चिकट म्हणाले, मी नाही म्हणालो. 'उलट बोलतोस? उलट उत्तर देतोस?' आणि ठेवून दिली एक. माझं अर्धं आयुष्य या 'उलट'खाली गेलं. आणि मग अडीच वर्षांपूर्वी तू त्यांच्या कानाला फोन लावलास. मी म्हणालो, 'बाबा, कसे आहात?' आणि ते म्हणाले, 'उलट.' फोन ठेवून मी बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसलो. म्हटलं, सगळं विसरले, पण हे नाही विसरले.

बारकी — म्हणून फोन करायचं सोडलंस?

दादा — हो. सांगायला लाज वाटते, पण हो.

बारकी — विचारायचं होतंस मला. एका शब्दाने विचारायचं होतंस.

दादा — काय म्हणाले होते तेव्हा?

बारकी — मला नाही आठवत. अडीच वर्षांत मी लाखभर वेळा ऐकलाय तो शब्द. सगळं तुझ्यासाठीच असतं का दादा? मला पण होता एक 'उलट.'

दादा — तुला कसला?

बारकी — फुगा धरला होता ना मी? तिसरा फुटला, सगळा फेस माझ्या डोळ्यांत. मी रडायला लागले. तुम्ही दोघं हसलात, आणि मग बाबा म्हणाले, जा बाहेर, हे बायकांचं काम नाही. मी दाराबाहेर उभी राहून बघायची, रोज. आणि मग दाढी संपली की आतून हाक यायची. 'बारके, उलट्या हाताने बघ.' मी आत जायची आणि हाताची उलटी बाजू त्यांच्या गालावरून फिरवायची. कुठे खरखर लागली तर सांगायचं. तळहाताला कळत नाही, म्हणायचे, तळहात कामाने निबर होतो, उलट्या हाताला सगळं कळतं. तेवढंच माझं काम होतं. रेझर गेलं आणि तेही गेलं. दाढी बाहेर, मग मला कोण बोलावतंय?

दादा — मला नव्हतं माहीत.

बारकी — तुला काय माहीत नव्हतं याची आपण यादी नको करूया. रविवार संपेल. उद्या दहाला मी काय सांगू?

दादा — या अवस्थेत कसं...

बारकी — हो की नाही?

दादा — बारके, ऐकून घे. तिसरा मजला आहे आमचा, लिफ्ट नाही. मुलीची परीक्षा आहे. तुझ्या वहिनीची कंबर... ती म्हणाली, आठ दिवस ठीक आहे, पण तीन महिने...

बारकी — हे तुला निघायच्या आधीच माहीत होतं.

दादा — अंदाज होता.

बारकी — म्हणजे 'नाही' घरूनच घेऊन आलास. आणि 'नाही' नुसतं कसं द्यायचं, म्हणून डबा घेतलास. लोक तोंडाला पानं पुसतात, तू फेस लावलास.

दादा — असं बोलू नकोस. मी मनापासून आणलं. मला वाटलं, तुला रोजचं सोपं होईल. त्यांची कातडी चांगली राहील. मला हे एवढंच येतं गं. आणि तूच बघितलंस ना आत्ता? दोन मिनिटं एकट्याला सोडलंस तर काय झालं! तीन महिने माझ्या भरवशावर? उद्या काही कमी-जास्त झालं तर?

बारकी — पहिल्या दिवशी मी सात ठिकाणी कापलं होतं.

दादा — तुझी गोष्ट वेगळी.

बारकी — मोजलं होतं मी, सात. हनुवटीला खळी आहे हे मला माहीत होतं, पण तिच्यात पाती कशी वळवायची ते कोण सांगणार? त्यांना दुखत होतं आणि ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले. मग बाहेर येऊन उरलेली अर्धी केली. दुसऱ्या दिवशी पाच ठिकाणी. मला कुणी म्हणालं नाही की बारके, तुला जमत नाही, राहू दे, दुसऱ्याला देऊ. दुसरा कुणी नव्हताच. तुझी गोष्ट वेगळी ती एवढ्यापुरतीच.

दादा — मी नालायक आहे म्हण आणि मोकळी हो.

बारकी — तसं म्हणाले तर तूच मोकळा होशील. नाही म्हणणार. तुला कारण हवं होतं, ते बाबांच्या गळ्यावर सापडलं. घेऊन जा.

दादा — महिन्यातून एकदा येईन मी. शनिवारी येईन, रविवारी दाढी करून जाईन. शब्द देतो.

बारकी — शब्दाचं नको या घरात. एक आहे तोच पुरतो.

दादा — ...दुपारची गाडी आहे माझी.

बारकी — माहीत आहे. तिकीट खिशातून डोकावतंय. रात्रीच बघितलं मी.

दादा — हे सगळं तुला लिहून ठेवतो कागदावर. टॉवेल तीन मिनिटं. पाण्याचे चार थेंब. आणि एक लक्षात ठेव, ब्रश झाल्यावर तसाच ओला ठेवायचा नाही. मुळाशी पाणी मुरतं आणि कुजतो. धुवायचा, झटकायचा, केस खाली करून टांगायचा, वाऱ्यावर. दोन दिवस विसरलीस की गेला.

बारकी — रोज करावं लागतं हे?

दादा — रोज.

बारकी — मध्ये तीन महिने सुट्टी?

दादा — ब्रशला कसली सुट्टी? ...बारके.

बारकी — मग तो तूच ने. तुला जमतं रोजचं. बाराव्या खिळ्याला टांग. वाटी ने, साबण ने. रेझर तेवढं राहू दे, ते त्यांचं आहे.

दादा — पात्या तरी ठेव. रेझर आहे तर पात्या लागतील.

बारकी — ठेव तिथे. खिडकीत.

दादा — मी खरंच द्यायला आणलं होतं ते. परत करायला.

बारकी — मला माहीत आहे. एकोणीस वर्षं उशिरा आणि नवंकोरं करून. आईच्या हातात द्यायला हवं होतंस.

दादा — बाबा... बाबा, निघतो मी. गळ्याचं... चुकलं माझं.

बाबा — उलट.

दादा — काय म्हणाले, बारके?

बारकी — गाडी चुकेल, म्हणाले.

दादा — खरं सांग.

बारकी — खरं तेच सांगतेय. ती पिशवी घे, विसरशील. जिन्यात खालून दुसरी पायरी फुटलीये, जपून उतर.

दादा — पोचलो की फोन करतो.

बारकी — कर.

बाबा — उलट.

बारकी — गेला. हो, गेला. नाही, परत बोलावणार नाही मी त्याला. दुखतंय का? नाही दुखत, ती बाजूच नाही दुखत. बरं आहे एका परीने. मानेवर वाळलेला फेस आहे, पुसते. रडू नका बाबा. तुम्ही रडलात की डावीकडूनच पाणी येतं, मग उशी एकाच बाजूला भिजते आणि मावशी मला विचारतात.

बाबा — उलट.

बारकी — मला तुमचाही राग आलाय. सांगूनच टाकते. तुम्ही आईला एकदा म्हणायचं होतंत, जाऊ दे, रेझरच होतं. सांगू का, हे मी अडीच वर्षं मनात घोकतेय, की तुम्हाला एकदा बोलता यावं आणि तुम्ही ते म्हणावं. आता तर म्हणायलाच हवं. तिने नव्हतं विकलं. ऐकलंत ना सगळं? कान शाबूत आहेत तुमचे. तिने नव्हतं विकलं.

बाबा — उलट. उलट.

बारकी — मला सांगून काय उपयोग? तिला सांगायचं होतं.

बाबा — उलट.

बारकी — घ्या. हातात घ्या, पाती काढलीये मी. बघा, चीर आहे तीच. झळाळी चढवलीये, पण मूठ तुमचीच. घट्ट धरा, पडेल. उद्या दहाला जाऊन नाही म्हणून सांगते. साहेब म्हणतील, मला वाटलंच होतं. म्हणू देत.

बाबा — उलट.

बारकी — काय पाहिजे? पाणी? नाही. पडदा? पडदा ओढलेलाच आहे. माझा हात? हा घ्या. असा नको? मग कसा?

बाबा — उलट.

बारकी — ...अच्छा. बरं. डोकं इकडे करा. हं. डावा गाल चांगला झालाय. खोटं कशाला बोलू, लोण्यासारखा केलाय. हात चांगला आहे त्याचा, मेल्याचा. इकडे मात्र सगळं राहिलंय. हनुवटीखाली, कानाशी, भोवऱ्यावर तर नुसती खरखर आहे.

बाबा — उलट.

बारकी — राहू दे आता. उद्या सकाळी काढू.